रॉथ आयआरएमध्ये भरलेली जादा रक्कम परत काढली, आता टॅक्स रिटर्नमध्ये ती कशी दाखवायची?

अमेरिकेत नवरा-बायको दोघेही नोकरी करत असतील, तर रॉथ आयआरएची (कर भरलेल्या पैशांतून निवृत्तीसाठी बचत करायचे खाते) उत्पन्नमर्यादा कधी ओलांडली गेली हे बरेचदा फेब्रुवारीत रिटर्न भरायला बसल्यावरच कळते. 2025 सालासाठी एकत्र रिटर्न भरणाऱ्या जोडप्याला 2,36,000 डॉलर उत्पन्नापर्यंत पूर्ण 7,000 डॉलर भरता येतात, पन्नाशी गाठलेल्यांना 8,000. त्यापुढे ही रक्कम कमी होत जाते आणि 2,46,000 ला शून्य होते. एकट्याने रिटर्न भरणाऱ्यांसाठी हेच आकडे 1,50,000 आणि 1,65,000 आहेत.

बोनस किंवा कंपनीने दिलेले शेअर व्हेस्ट झाल्यामुळे (प्रत्यक्ष नावावर झाल्यामुळे) मर्यादा ओलांडली, तर निदान ते लगेच लक्षात येते. एनआरई एफडीचे (अनिवासी भारतीयांच्या भारतातल्या मुदतठेवीचे) व्याज मात्र हिशेबातून हमखास निसटते. ते भारतात करमुक्त असले तरी अमेरिकेचे कर-रहिवासी असलेल्यांना तिथे करपात्र आहे. पुण्या-ठाण्यातल्या फ्लॅटच्या भाड्यातून खर्च वजा जाता उरलेली रक्कमही उत्पन्नातच धरायची. नव्याने एच-1बी नोकरी-व्हिसावर आलेल्या विवाहितांची अडचण वेगळी असते. पहिल्या वर्षी 1040-एनआर (कर-अनिवासींचा रिटर्न) भरावा लागला, तर सहसा विवाहित पण वेगळा रिटर्न हाच दर्जा मिळतो. त्या वर्षात जोडीदारासोबत एक दिवस जरी राहिला असाल, तर मर्यादा 10,000 डॉलरवरच संपते.

जादा रक्कम खात्यात तशीच राहिली, तर दर वर्षी 6 टक्के दंडकर लागतो, म्हणजे 7,000 वर 420 डॉलर. मुदतीत रक्कम काढून घेतली तर हा दंड लागत नाही. 2025 च्या भरण्यासाठी ही मुदत 15 एप्रिल 2026 आहे. रिटर्न वेळेवर भरला असेल किंवा एक्स्टेन्शन (रिटर्नसाठी मुदतवाढ) घेतले असेल, तर 15 ऑक्टोबर 2026 पर्यंत काढता येते. एप्रिलपर्यंत रिटर्नही नाही आणि एक्स्टेन्शनही नाही, अशांना ऑक्टोबरची सवलत मिळत नाही.

रक्कम काढताना

ब्रोकरच्या साइटवर नेहमीचे पैसे काढण्याचे बटण दाबू नका. गोंधळाची सुरुवात बहुतेक वेळा इथेच होते. तसे केले तर नोंद साध्या विथड्रॉवलची होते, नफ्याचा हिशेब होत नाही आणि काढलेल्या रकमेच्या 1099-आर फॉर्मवर चुकीचा कोड येतो. एक्सेस कॉन्ट्रिब्युशन (जादा भरणा) परत काढण्याचा अर्ज वेगळा असतो. त्यात कोणत्या सालाचा भरणा, कोणत्या तारखेला भरला आणि त्यातला किती जादा, हे लिहावे लागते.

जादा रकमेसोबत तिच्यावरचा नफाही बाहेर काढावाच लागतो. तुम्ही त्या पैशांतून कोणता शेअर घेतला याच्याशी या नफ्याचा संबंध नसतो, तो अख्ख्या खात्याच्या वाढीवरून ठरतो. समजा, खात्यात 13,000 डॉलर होते आणि मार्च 2025 मध्ये तुम्ही 7,000 भरले. मधे आणखी काही भरले-काढले नाही. फेब्रुवारी 2026 मध्ये काढायच्या दिवशी खात्यात 22,000 आहेत. म्हणजे 20,000 वर 2,000 ची वाढ, 10 टक्के. 7,000 वरचा नफा 700 आणि काढायची रक्कम 7,700. बहुतेक ब्रोकर हा हिशेब स्वतः करतात, तरी एकदा ताडून पाहा. खाते तोट्यात असेल तर 7,000 पेक्षा कमी हातात येतात आणि तो तोटा रिटर्नमध्ये वजा करता येत नाही.

उत्पन्न मर्यादेच्या मधल्या पट्ट्यात असेल, तर सगळे काढायची गरज नाही. एकत्र रिटर्नवर 2,41,000 उत्पन्न म्हणजे पट्ट्याचा बरोबर मध्य, तिथे 3,500 भरता येतात. उरलेले 3,500 आणि त्यावरचा नफा तेवढा काढायचा.

कोणत्या सालच्या रिटर्नमध्ये?

सर्वांत जास्त चुका इथे होतात. नफा ज्या साली पैसे काढले त्या साली करपात्र होत नाही, ज्या साली पैसे भरले त्या साली होतो. वरच्या उदाहरणात भरणा मार्च 2025 चा आहे, म्हणून रक्कम 2026 मध्ये काढली तरी 700 डॉलर 2025 च्या रिटर्नमध्येच दाखवायचे. मात्र तोच 2025 सालासाठीचा भरणा तुम्ही फेब्रुवारी 2026 मध्ये केला असता आणि मार्चमध्ये काढला असता, तर नफा 2026 च्या रिटर्नमध्ये गेला असता आणि 2025 च्या रिटर्नमध्ये या रॉथ व्यवहाराचे काहीच आले नसते.

ब्रोकर पाठवतो त्या 1099-आर फॉर्मवरचा कोड हीच गोष्ट सांगतो. 8 म्हणजे फॉर्मवर छापलेल्याच सालात करपात्र, पी म्हणजे त्याच्या आदल्या सालात. रॉथसाठी सोबत जे असतो.

अडचण अशी की फेब्रुवारी 2026 मध्ये काढलेल्या रकमेचा 1099-आर जानेवारी 2027 मध्ये येतो. रिटर्न तोपर्यंत थांबवायचा नसतो. ब्रोकरच्या व्यवहारपत्रावरून आकडे घ्या आणि असे भरा:

1. फॉर्म 1040 (मुख्य रिटर्न) च्या ओळ 4ए वर 7,700, ओळ 4बी वर 700. सॉफ्टवेअर 1099-आर मागत असेल तर बॉक्स 1 मध्ये 7,700, 2ए मध्ये 700 आणि बॉक्स 7 मध्ये पी आणि जे टाका. फॉर्म कोणत्या सालचा असे विचारले तर 2026 सांगा.

2. वय साडेएकोणसाठच्या आत असेल, तर सॉफ्टवेअर या 700 वर मुदतपूर्व काढल्याचा 10 टक्के कर लावू पाहील. 29 डिसेंबर 2022 पासून अशा दुरुस्तीच्या नफ्यावर हा कर लागत नाही. फॉर्म 5329 (निवृत्ती खात्यांवरच्या जादा करांचा फॉर्म) च्या पहिल्या भागात अपवाद क्रमांक 21 भरा. जुन्या लेखांत 70 डॉलर भरा असेच लिहिलेले आढळेल, ते आता लागू नाही. साधा आयकर मात्र लागतोच: 24 टक्क्यांच्या टप्प्यात 168 डॉलर.

3. एक छोटे निवेदन जोडा, इंग्रजीत: कधी किती भरले, कधी किती काढले, त्यातला नफा किती, कारण काय. चार ओळी पुरतात.

4. मुदतीत परत काढलेल्या या रकमेसाठी फॉर्म 8606 (आयआरएच्या काही व्यवहारांचा फॉर्म) लागत नाही. 5329 मधला 6 टक्क्यांचा भागही भरायचा नाही. जादा रक्कम रॉथऐवजी पारंपरिक आयआरएमध्ये (ज्यातल्या भरण्याची उत्पन्नातून वजावट मिळू शकते) भरलेली असेल, तर परत काढलेल्या भरण्याची वजावट घ्यायची नाही.

रिटर्न आधीच गेला असेल तर

एप्रिलपर्यंत रिटर्न भरला आणि रक्कम नंतर काढली, तर 1040-एक्स (सुधारित रिटर्न) भरा. पहिल्या पानाच्या माथ्यावर ‘फाइल्ड पर्स्युअंट टू सेक्शन 301.9100-2’ हे शब्द इंग्रजीत लिहायचे, नफा उत्पन्नात मिळवायचा आणि निवेदन जोडायचे. आधी 6 टक्के भरले असतील, तर सुधारित 5329 जोडून ते परत मागता येतात.

15 ऑक्टोबरही हुकला, तर 2025 चे 420 डॉलर टळत नाहीत. ते 5329 च्या चौथ्या भागातून 1040 च्या शेड्यूल 2 या पुरवणीच्या ओळ 8 वर जातात. आता नफा काढावा लागत नाही, फक्त 7,000 काढायचे, पण 31 डिसेंबर 2026 च्या आत. नाहीतर आणखी एक 6 टक्के. या रकमेवर साधा कोड जे येतो आणि 2026 च्या रिटर्नमध्ये 8606 चा तिसरा भाग भरावा लागतो. 2026 चे उत्पन्न मर्यादेत बसणार असेल, तर हीच रक्कम त्या सालाच्या 7,500 च्या मर्यादेत वळती करून घेता येते.

आणखी एक मार्ग आहे. मुदतीतच ही रक्कम नफ्यासकट पारंपरिक आयआरएकडे वळवली, तर पैसे बाहेर काढावेच लागत नाहीत. पण तिथे जुन्या 401केची (नोकरीतल्या निवृत्ती योजनेची) तिथे हलवलेली, म्हणजे रोलओव्हर रक्कम पडून असेल, तर पुढे रॉथमध्ये रूपांतर करताना प्रमाणात कर लागतो. म्हणून आधी ते खाते तपासा.

जानेवारी 2027 मध्ये पी कोडचा 1099-आर आला की बॉक्स 4 पाहा. तिथे कर कापलेला दिसला, तर ती कपात 2026 च्या रिटर्नमध्ये जमा धरायची, 2025 च्या नाही. बॉक्स 4 रिकामा असेल, तर हा फॉर्म नुसता फाइलला लावून ठेवायचा. आयआरएमध्ये किती भरले हे सांगणाऱ्या फॉर्म 5498 वर मात्र पूर्ण 7,000 चा भरणाच छापून येतो. परत काढलेली रक्कम त्यातून वजा होत नाही, त्यामुळे तो दुरुस्त करून घेण्यासाठी ब्रोकरकडे हेलपाटे घालू नका.