मिशनवर निघालात? आधी भांडी घासायला शिका

"ताओ पो!"

फिलिपिन्समधल्या गल्ल्यांत घराला बेल असेलच असं नाही. फाटकाशी उभं राहून असं ओरडायचं. अर्थ साधारण 'माणूस आलाय हो!' चर्चच्या मिशनवर, म्हणजे धर्म सांगत फिरायला, गेलो तेव्हा पहिल्याच आठवड्यात मी एका घरापुढे जीव तोडून ओरडलो. आतला पडदा हलला, एका बाईनं माझा चेहरा पाहिला आणि पोराला बाहेर पाठवलं. पोरगा म्हणाला, "आई घरी नाही." आईचे पाय पडद्याखालून दिसत होते. माझा ट्रेनर, म्हणजे मला शिकवायला दिलेला जुना मिशनरी, कुंपणाला धरून हसत होता.

भारतीय माणसाला तिथे 'बुंबाय' म्हणतात. शब्द आपल्या बॉम्बेवरूनच गेलाय. गल्लीत फिरणारा बुंबाय म्हणजे मोटरसायकलवरून रोजची वसुली करणारा सावकार, बहुतेक पंजाबी. धंद्याचं नाव 'फाइव्ह-सिक्स': पाच घ्या, सहा परत करा. पोरं जेवत नसतील तर 'बुंबाय येऊन घेऊन जाईल' अशी भीतीही घालतात. म्हणजे दारात धर्म सांगणारा उभा, आणि तोही चेहऱ्यावरून सावकार! कोण उघडणार?

हे लिहितोय ते मॉर्मन चर्चच्या मिशनचा कॉल, म्हणजे नेमणुकीचं पत्र, आलेल्या किंवा येईल असं वाटणाऱ्या मराठी मुलामुलींसाठी. आपण मोजकेच आहोत, त्यामुळे विचारायला कुणी सापडत नाही. ज्यांचा या चर्चशी संबंध नाही त्यांनीही खुशाल वाचावं. इथे धर्मप्रचार नाही, तो मी दोन वर्षं पुरेसा केलाय.

आमचं घर मूळ मिरजेचं. बाबांच्या नोकरीमुळे बेंगळुरूत वाढलो, आणि मी नऊ वर्षांचा असताना आईबाबा चर्चमध्ये आले. लोक मॉर्मन म्हणतात, पण 2018 पासून चर्चच्या अध्यक्षांनी सांगितलंय की पूर्ण नाव वापरा: येशू ख्रिस्ताचं अंत्यदिनीय संतांचं चर्च. हे नाव दारात उभं राहून एका दमात, तिथल्या टागालोग भाषेत म्हणून बघा. तोवर समोरचा आमटी ढवळायला गेलेला असतो.

मुलांचं मिशन 24 महिन्यांचं, मुलींचं 18. पूर्वी मुलं 19व्या आणि मुली 21व्या वर्षी जायच्या. 2012 साली ती वयं 18 आणि 19 वर आणली आणि तेव्हापासून मुलींची संख्या खूप वाढली; 2025 मध्ये मुलींचं वयही 18 केलं. कुठे जायचं हे आपण ठरवत नाही. अर्ज भरायचा, डॉक्टर-डेंटिस्टचे कागद जोडायचे आणि थांबायचं. पगार नसतो, उलट खर्चाचा वाटा आपल्याला उचलायचा असतो. आपल्याकडच्या मुलांना जेवढं झेपेल तेवढं, उरलेलं चर्चच्या निधीतून. नातेवाईक "मग सेटल कधी होणार?" विचारतील. त्याला उत्तर नाही, हसून पेढा पुढे करायचा.

कॉल उघडला तेव्हा घरात अख्खी ब्रँच, म्हणजे आमची छोटी स्थानिक मंडळी, जमली होती. फिलिपिन्स, भाषा टागालोग. आजीनं फोनवर विचारलं, "तिथे चहा मिळतो का?" आम्हाला चहा-कॉफी वर्ज्य आहे हे तिला दहा वर्षांत पटलेलं नाही. पाहुण्याला चहा न विचारणारा धर्म कसला, हा तिचा मुद्दा, आणि मला तो अजून खोडता आलेला नाही.

पहिले काही दिवस घरूनच लॅपटॉपवर प्रशिक्षण झालं, मग केझॉन सिटीतल्या प्रशिक्षण केंद्रात. भाषेची फार भीती बाळगू नका. टागालोगमध्ये तोंड म्हणजे चेहऱ्याला 'मुखा', शिक्षकाला 'गुरो', आशेला 'आसा' म्हणतात. पहिल्याच दिवशी वर्गातल्या अमेरिकन मुलांपुढे मी चार शब्दांनी पुढे होतो. ती आघाडी आठवडाभर टिकली. नंतर क्रियापदं आली आणि सगळे सारखेच रडले. एक मात्र करा: प्रत्येक वाक्यात 'पो' घालायला शिका, ते आपल्या 'अहो-जाहो'चं काम करतं. व्याकरण चुकलं तरी चालतं, पो विसरला तर आजीबाई दुखावतात.

आता दिवस. साडेसहाला उठायचं, अर्धा तास व्यायाम, आंघोळ, नाश्ता, मग वाचन आणि भाषा. दहाच्या सुमारास बाहेर. दिवसभर चालणं, मध्ये जीपनी (लांबट जीपची बस) किंवा ट्रायसिकल (साइडकार लावलेली मोटरसायकल). जीपनीत पैसे मागून पुढे हातोहात जातात आणि सुट्टे तसेच परत येतात. आपल्याकडच्या गर्दीवर वाढलेला माणूस हे पाहून गहिवरतो. रात्री नऊच्या आसपास खोलीवर, दुसऱ्या दिवसाचं नियोजन, साडेदहाला दिवे बंद. दिवे आपले बंद होतात, शेजारचं व्हिडिओके, म्हणजे कराओके, नाही. भिंतीपलीकडे कुणीतरी जीव ओतून प्रेमगीत गात असतं, आणि पहाटे चारला कोंबडे. इअरप्लग न्या.

लोकांना वाटतं की सगळ्यात अवघड म्हणजे तोंडावर दार बंद होणं. खरं सांगतो, त्याची महिनाभरात सवय होते. फिलिपिनो माणूस 'नाही' असं म्हणतच नाही. 'पुढच्या वेळी या' म्हणतो, आणि जेवत असेल तर 'काइन तायो' म्हणून तुम्हालाही बोलावतो. वेळ लागतो तो घरातल्या माणसाची सवय व्हायला. म्हणजे कंपॅनियनची, जोडीला दिलेल्या मिशनरीची.

मिशनरी एकटा कधीच नसतो. कंपॅनियन कायम नजरेच्या आणि हाकेच्या टप्प्यात हवा. अपवाद फक्त न्हाणीघराचा. बाजार, दवाखाना, सलून, सगळीकडे दोघं. कंपॅनियन आपण निवडत नाही. दर सहा आठवड्यांनी बदल्या होतात. त्याच्या आदल्या दिवशीचं वातावरण म्हणजे बोर्डाच्या निकालाआधीची रात्र. मला दोन वर्षांत नऊ जण मिळाले. भावंडं नसलेल्या, स्वतःच्या खोलीत दार लावून वाढलेल्या मुलानं हे वाचून एक खोल श्वास घ्यावा.

माझा तिसरा कंपॅनियन अमेरिकेत आयडाहोतल्या शेतकरी घरातला, सहा फूट दोन इंच, दिवसाला वीस शब्द बोलणारा. आम्ही सान पाब्लोला होतो. त्या गावाला सात तळी आहेत, आणि पाच महिन्यांत मी एकातही उतरलो नाही, कारण मिशनरीला पोहायची परवानगी नसते. तर हा गडी जेवण झालं की स्वतःची ताटली घासायचा, फक्त स्वतःची. माझी तशीच. आईच्या राज्यात मी ताट उचलून मोरीत ठेवणं हीच मदत समजत होतो, त्यामुळे मला त्यात काही वावगं दिसलं नाही. चौथ्या दिवशी मुंग्या आल्या. पाचव्या दिवशी मी त्याला म्हणालो की तुझं मन छोटं आहे. त्यानं वीस शब्दांचेही शून्य केले.

तीन दिवस आम्ही न बोलता, पण नियमाप्रमाणे खांद्याला खांदा लावून फिरलो. आणि शिकवायला काय? कुटुंबातला सलोखा! तिसऱ्या दिवशी एका लोलाकडे, म्हणजे आजीकडे, मी परिच्छेद वाचला, त्यानं पुढचा वाचला, दोघांनीही समोरच्या भिंतीकडे बघून. आजीनं चष्मा काढला आणि विचारलं, "तुम्ही दोघं भांडलाय का रे?" मग गप्प बसलेल्या आम्हा दोघांना एकाच ताटात भात आणि सिनिगांग वाढलं. सिनिगांग म्हणजे चिंचेचं आंबट सार, फक्त त्यात डुक्कर किंवा मासा असतो. एका ताटात जेवताना बोलावंच लागतं, किमान 'सरक' तरी.

त्या रात्री मी दोन्ही ताटल्या घासल्या. तो म्हणाला की घरी सहा भावंडं आहेत, ज्यानं जे खरकटं केलं ते त्यानं धुवायचं असाच नियम होता, माझा अपमान करायचा नव्हता. मला वाटलं होतं तो मला हिणवतोय, त्याला वाटलं होतं मी त्याला नोकर समजतोय. आठवड्याच्या नियोजनाच्या शेवटी दोघांनी एकमेकांना काय खटकतं ते सांगायचं असतं. आम्ही ते 'सगळं छान' म्हणून उरकलं होतं. उरकू नका. दर आठवड्याला एक तरी खरी गोष्ट बोला, मोज्यांच्या वासाबद्दल का असेना.

घरची आठवण हा वेगळा विषय. 2019 पर्यंत मिशनऱ्यांना वर्षातून फक्त दोनदा घरी फोन करता यायचा. आता दर आठवड्याला प्रिपरेशन डेला, म्हणजे आठवड्यातल्या मोकळ्या दिवशी (पी-डेला), व्हिडिओ कॉल चालतो. आमचा पी-डे सोमवार. तिथले सकाळचे नऊ म्हणजे आपले साडेसहा, त्यामुळे आई दर वेळी ओल्या केसांनी दिसायची. पण एक सांगतो, रडायचं असेल तर कॉलच्या आधी रडून घ्या. स्क्रीनवर रडलात तर आई आठवडाभर जेवत नाही आणि तुम्ही मात्र दुपारपर्यंत बास्केटबॉल खेळायला लागता.

सामानाचं थोडक्यात. काळे बूट दोन जोड, चांगल्या तळव्याचे. पावसात एक जोड आठवडाभर वाळत नाही. पुराच्या पाण्यातून शौर्य दाखवत चालू नका, लेप्टो तिथेही आहे. केझॉन प्रांतात नारळाची लांबानोग नावाची दारू असते आणि एकच पेला सगळ्यांत फिरतो. छातीवर हात ठेवून, हसून, 'पो' लावून नको म्हणायचं. कॉफीच्या पाकिटाऐवजी मायलो (चॉकलेटचं पेय) मागा, कुणालाही राग येत नाही. शाकाहारी असाल तर आधीच सांगतो, हाल होतील. तिथे भाजीतही कोळंबी सापडते.

आणि जागा होत असेल तर तीन लिटरचा कुकर न्या. फिलिपिन्समध्ये शुक्रवारी मूग, म्हणजे मुंगो, करायची पद्धत आहे, त्यामुळे मूग कुठेही मिळतात. मी आयडाहोवाल्यासाठी मुगाची आमटी केली. पहिली शिट्टी झाली तेव्हा तो जमिनीवर आडवा झाला आणि घरमालकीण पाण्याची बादली घेऊन आली. नंतर शुक्रवारची आमटी तोच लावायला लागला.

गेल्या महिन्यात त्याचा मेसेज आला. लग्न झालंय, बायकोला आमटी करून घालायचीय, फोटोत नवाकोरा कुकर. खाली एकच प्रश्न: शिट्ट्या किती?

तीन, मी लिहिलं. आणि भांडी कोण घासणार, तेही विचारलं.