कच्च्या कैद्यांसाठी काम करायचंय? आधी तारीख विचारा

एलएलबीची मुलं विचारतात, "मानवी हक्कांत काम करायचंय, सुरुवात कुठून करू?" मी सांगते, जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात विधी स्वयंसेवक म्हणून नाव द्या आणि जेलमध्ये जा. देशातल्या जेलांत चारातले जवळपास तीन बंदी कच्चे कैदी, म्हणजे खटल्याचा निकाल न लागलेले, आहेत. कोठडीतल्या कुणालाही १९८७च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याने मोफत वकील मिळतो, उत्पन्नाचा दाखला लागत नाही. आत अनेकांना हे ठाऊकच नसतं.

पहिल्या भेटीत "खरंच केलंस का?" विचारू नका. ते ठरवायला कोर्ट आहे, आणि शेजारी शिपाई उभा असतो. विचारायचं ते हे : पहिला रिमांड, म्हणजे कोर्टानं कोठडीत धाडण्याचा आदेश, कधी झाला? डिफॉल्ट बेलचे (चार्जशीट वेळेत न आल्यानं मिळणाऱ्या जामिनाचे) गुन्ह्यानुसार ६० किंवा ९० दिवस अटकेपासून नाही, रिमांडपासून मोजतात आणि तो दिवसही धरतात. मुदतीत चार्जशीट आलं नाही तर जामीन हक्काचा. पण आपोआप नाही, अर्ज लागतो. अर्जाआधी चार्जशीट दाखल झालं की हक्क गेला. बंद्याला तारीख आठवत नसेल तर रोजनामा, म्हणजे कोर्टातली तारखांची नोंद, काढा.

मला सर्वांत जास्त चीड येते ती जामीन मंजूर होऊनही आत राहिलेल्यांची. बाहेरगावच्या मजुरानं इथला जामीनदार आणि त्याची सॉल्व्हन्सी (ऐपतीचा दाखला) आणायची कुठून? १९७८मध्येच मोतीराम खटल्यात सुप्रीम कोर्टाचे न्या. कृष्णा अय्यर यांनी एका गवंड्याला हजाराच्या जातमुचलक्यावर, म्हणजे स्वतःच्याच हमीवर, सोडायला सांगितलं. भावाची मालमत्ता दुसऱ्या जिल्ह्यात म्हणून खालच्या कोर्टानं त्या भावाला जामीनदार म्हणून नाकारलं होतं. महिनाभरात जामीनदार मिळाला नाही तर कोर्टानं स्वतःहून अटी सैल करण्याचा विचार करावा, असं सुप्रीम कोर्टानं २०२३मध्ये सांगितलंय. स्वतःहून होईल म्हणून थांबू नका, अट शिथिल करायचा अर्ज टाका.

"पुढच्या तारखेला सुटशील" असं कधीही म्हणू नका. तो माणूस घरी निरोप धाडतो, घरचे उधार काढून कोर्टात येतात. चिठ्ठी, बिडी काही नेऊ-आणू नका, कितीही गयावया केली तरी. नातेवाइकांकडून पैसे घेणं तर सोडाच. आणि बंद्याची कहाणी इन्स्टावर टाकायची नाही, नाव बदलूनसुद्धा. गाव लहान असतं.

वकिलीची सनद मिळाल्यावर लोक अभिरक्षक कार्यालयातल्या (आरोपींना मोफत वकील देणारं विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय) सहायक पदाची जाहिरात बघत राहा, नवख्या वकिलांनाही तिथे घेतात. पद कंत्राटी, मानधन बेताचं, खासगी केस घेता येत नाही. घरच्यांना हे आधीच सांगून ठेवा.