फिक्सीचा कॉग मागे फिरवला की सुटतो – माझा अनुभव

माझी सायकल फिक्सी, म्हणजे पॅडल चाकाबरोबर सतत फिरतं, मोकळं सुटत नाही; आणि कॉग म्हणजे मागच्या चाकावरचं दातेरी चक्र. लक्षण असं की पॅडल मागे दाबून स्पीड कमी करायला गेलो की कटकन आवाज आणि पॅडल थोडं रिकामं फिरायचं. कात्रजच्या उतारावर हे झालं तेव्हा अक्षरशः घाम फुटला.

लॉकटाइट (आटे चिकटवणारा गोंद) लावून झालं, नवा कॉग टाकून झाला, दर आठवड्याला टाइट करणं चालूच. शेवटी नीट बघितलं तर हब (चाकाचा मधला भाग) मुळात फ्रीव्हीलचा, म्हणजे पॅडल थांबलं तरी चाक फिरतं त्या साध्या सायकलचा, आणि कॉग दाबून धरायला त्यावर बॉटम ब्रॅकेटची (पॅडलच्या मधल्या अॅक्सलच्या जागेची) लॉकरिंग, म्हणजे दोन्हीचे आटे उजवेच, घड्याळाच्या दिशेने घट्ट होणारे, मग मागे जोर दिला की दोन्ही एकत्रच सुटणार ना! त्यात अॅल्युमिनियमचे आटे झिजलेले.

खरा ट्रॅक हब, म्हणजे फिक्सीसाठीच बनवलेला, घ्या. ओळखायचा कसा, तर आट्याच्या दोन पायऱ्या दिसतात, मोठी ३४.८ मिमीच्या आसपास कॉगसाठी, लहान ३२.८ ची लॉकरिंगसाठी आणि तिचे आटे डावे, म्हणजे उलटे. मी स्टील अॅक्सलचा, सील्ड बेअरिंगचा घेतला, बेअरिंग ६००० टू-आरएस (दोन्ही बाजूंना रबरी सील), १०×२६×८ मिमी, हा नंबर सांगितला की कुठल्याही बेअरिंगवाल्याकडे मिळतं आणि आपल्या पावसाळ्यात सील्ड बेअरिंग लागतंच.

बसवताना आटे रॉकेलने पुसून ग्रीस, कॉग हाताने पूर्ण फिरवून मग चेन व्हिपने (चेनचा तुकडा लावलेल्या पान्याने) टाइट. लॉकरिंग न लावता, ब्रेक असलेल्या सायकलवर एक चढ चढायचा, पॅडल मागे अजिबात दाबायचं नाही. परत चेन व्हिप, आणि मग लॉकरिंग, घड्याळाच्या उलट्या दिशेने.

दोन पावसाळे झाले, कॉग जागचा हललेला नाही.