बैल, खोंड, वळू : शब्द वापरताना या चुका टाळा

सांगलीकडच्या खरसुंडीच्या पौषी यात्रेत गुरांचा मोठा बाजार भरतो. त्याआधी माझ्या भाच्याने व्हॉट्सअ‍ॅपवर जाहिरात टाकली, ‘खिल्लार बैल विकणे आहे. दोनदाती. पैदाशीसाठी उत्तम.’ दिवसभर फोन वाजत राहिला, पण बोलणं पुढे सरकेना. शेवटी म्हसवडकडच्या एका म्हाताऱ्या शेतकऱ्याने सरळच विचारलं, “पाव्हणं, बैल म्हणताय आन् पैदाशीला म्हणताय. जनावर बडवलंय का न्हाई, ते आदी सांगा.”

घोळ एका शब्दाचा होता. बैल म्हणजे बडवलेला, खच्ची केलेला नर. तो औताला, गाडीला जुंपायचा. त्याच्यापासून पैदास होत नाही. भाच्याच्या दावणीला होता तो खोंड.

शाळेच्या गाईडात ‘बैल = वृषभ, पोळ, खोंड’ अशी ओळ असते आणि पोरं ती घोकतात. परीक्षेपुरती ती चालून जाते. बातमीत, गोष्टीत, जाहिरातीत मात्र हे शब्द एकमेकांच्या जागी बसत नाहीत, कारण प्रत्येक शब्द त्या जनावराच्या आयुष्यातली वेगळी अवस्था सांगतो. गाईला झालेलं ते वासरू. त्यातला नर थोडा वाढला की गोऱ्हा, अंगाने भरला पण अजून बडवला नाही की खोंड. पैदाशीसाठी राखला तर वळू. देवाच्या नावाने मोकळा सोडला तर पोळ. बडवून कामाला लावला, तरच बैल. गोऱ्ह्याची बहीण कालवड. तिला रेडी किंवा वगार म्हणू नका, त्या म्हशीच्या.

‘वृषभ’ हा बैलाचा नुसता भारदस्त पर्याय समजू नका. संस्कृतात वृषभ म्हणजे ताकदीचा नर, आपल्या वळूच्या जवळचा. गाडी ओढणाऱ्यासाठी तिथे वेगळा शब्द आहे, अनडुह. ‘अनस्’ म्हणजे गाडी, ती वाहणारा. आपला ‘बैल’ प्राकृतातल्या ‘बइल्ल’वरून आला. म्हणून वृषभ राशीची ‘बैल रास’ होत नाही, आणि घाण्याच्या बैलाला कुणी ‘घाण्याचा वृषभ’ म्हणत नाही.

‘खिल्लार’ हाही बैलाचा समानार्थी शब्द नव्हे. मूळ अर्थ गुरांचा कळप. पुढे आटपाडी, जत, माण, सांगोला या दुष्काळी पट्ट्यातल्या उंच, लांब शिंगांच्या पांढऱ्या जनावरांच्या जातीला तेच नाव पडलं. खिल्लार गाय असते, खिल्लार खोंड असतो.

‘दोनदाती’ वाचून शहरातल्या एकाने मला विचारलं, “बाकीचे दात पडले का?” तसं नाही. दुधाचे दात असतात तोवर जनावर आदत. गुरांना वरच्या जबड्यात पुढचे दात नसतातच. खालचे आठ जोडीजोडीने बदलतात. साधारण दोन-अडीच वर्षांत पहिली जोडी येते, तो दोनदाती किंवा दुसा. मग चारदाती म्हणजे चौसा, पुढे सहादाती, आणि आठही आले की जुळला. बाजारात जाणता माणूस आधी खालचा ओठ खाली ओढून बघतो, वय मागाहून विचारतो.

म्हणींमध्ये तर चुकीचा अर्थ सर्रास सांगितला जातो. ‘बैल गेला आणि झोपा केला’ यात झोपेचा काही संबंध नाही. झोपा म्हणजे काटक्याकुटक्यांचं विणलेलं गोठ्याचं दार. माझ्या आजोळी तुरकाट्यांचा झोपा होता. रात्री आजोबा तो ओढून घ्यायचे आणि आतून दोरीने बांधायचे. बैल चोरीला गेल्यावर दार करून काय उपयोग, एवढंच म्हण सांगते. ‘ढवळ्याशेजारी बांधला पवळ्या, वाण नाही पण गुण लागला’ यातला ‘वाण’ उणिवेचा नाही, संक्रांतीचाही नाही. वाण म्हणजे वर्ण, रंग. ढवळ्या धवल म्हणजे पांढरा. शेजारी बांधून पवळ्याचा रंग बदलला नाही, पण खोड लागली.

मोबाईलवर लिहिताना ‘गोऱ्हा’चा हमखास ‘गोरा’ होतो, नाहीतर ‘र’चा रफार होऊन ‘ह’वर चढून बसतो. नेहमीचा ‘र’ घेऊ नका. खाली टिंब असलेला ‘ऱ’ घ्या, मग हलन्त, मग ‘ह’. ‘म्हाताऱ्या’ आणि ‘दऱ्या’ही असेच लिहायचे, शेवटी फक्त ‘ह’ऐवजी ‘य’.

आणि सातारा-सांगलीकडच्या मुलांच्या निबंधात श्रावण अमावास्येचा पोळा कशाला? आपल्याकडे बैलांचा सण बेंदूर, आषाढातला. आदल्या संध्याकाळी खांदेमळणी म्हणजे बैलांचे खांदे चोळून देणं, दुसऱ्या दिवशी रंगवलेली शिंगं, झूल, गोंडे आणि पुरणपोळीचा घास.

भाच्याने जाहिरात पुन्हा लिहिली, ‘खिल्लार खोंड, दुसा, बडवलेला नाही. पैदाशीसाठी.’ दुसऱ्या दिवशी म्हसवडचे तेच पाव्हणे दारात आले आणि खोंडाच्या ओठाला हात घातला.