पहाटेची पिवळी उलटी अखेर थांबली (माझा अनुभव)

आमची कुत्री ६ वर्षांची. आठवड्यातून तीन-चारदा पहाटे ५च्या सुमारास पिवळं, फेसाळ पाणी ओकायची. त्यात अन्नाचा कणही नसायचा, आणि नंतर ती नेहमीसारखी खेळायची.

खाणं बदललं, भांडी बदलली, गवत खाऊ देणं बंद केलं. फरक शून्य. तिच्या उबळी ऐकून जीव कासावीस व्हायचा.

डॉक्टरांनी रक्त आणि शी तपासून दुसरा आजार नसल्याची खात्री केली, मग जेवणाच्या वेळा विचारल्या. संध्याकाळी ७ आणि सकाळी ८. म्हणजे मधले १३ तास उपास! रिकाम्या जठरात आतड्यातलं पित्त वर येऊन झोंबत होतं.

आधी दिवसभराचं खाणं मोजलं. एकूण माप तेच ठेवायचं, नाहीतर वजन वाढतं. संध्याकाळच्या वाट्यातला तिसरा हिस्सा काढून रात्री ११ला, झोपण्याच्या अगदी आधी दिला. सकाळचं जेवण ६:३०वर आणलं. चौथ्या दिवसापासून उलटी नाही; आता दोन महिने झाले.

उलटीत रक्त, फुगलेलं पोट, नुसत्याच कोरड्या उबळी किंवा मरगळ दिसली तर मात्र वेळा बदलत बसू नका, ताबडतोब डॉक्टरांकडे न्या.