ओझ्याच्या कामाला जुनी सायकल: घ्यायची कशी, उभी करायची कशी

दुधाचे कॅन, भाजीची पोती वाहायची असतील तर शॉकॉपची (धक्के शोषणाऱ्या स्प्रिंगची) गिअरवाली कितीही स्वस्त मिळो, तिच्या वाटेला जाऊ नका. २८ इंची चाकांची, रॉड ब्रेकची (केबलऐवजी लोखंडी दांड्यांनी लागणाऱ्या ब्रेकची) काळी सायकल बघा. तिला मागं बहुधा ४० तारा असतात, पुढं ३२. वजन पेलतं ते त्यावर.

घेताना रंगाला भुलू नका. हँडलखालून पायडलकडं उतरणाऱ्या नळीवर, वरच्या टोकाशी बोट फिरवा. सुरकुती किंवा फुगवटा लागला तर गाडी समोरून धडकलेली आहे, सोडून द्या. कोल्हापुरात आणखी एक बघावं लागतं: सीट उपसून नळीत टॉर्च मारा, मग सायकल उलटी करून आपटा. वाळका गाळ पडला तर ती २०१९ किंवा २०२१ च्या पुरात बुडालेली असू शकते. आतनं गंजलेल्या फ्रेमला वरचा रंग काय करणार? सौदा ठरला की फ्रेम नंबर घालून पावती घ्याच.

आता ओव्हरऑइलिंग, म्हणजे पूर्ण खोलून साफसफाई आणि ग्रीसिंग. सगळं खोलून डिझेलनं धुवा. छर्रे नवेच घाला: पुढच्या हबला (चाकाच्या तुंब्याला) दर बाजूस ३/१६ इंची १०, मागं पाव इंची ९, दोन्ही क्रँक (पायडलचे दांडे) जोडणाऱ्या मधल्या अॅक्सलला पाव इंची ११. ग्रीस भरून कोन (छर्रे दाबून धरणारा निमुळता नट) आवळा. चाक मोकळं फिरावं, पण रिम धरून हलवल्यावर खडखडू नये.

खरी डोकेदुखी कॉटर पिनची, म्हणजे क्रँक अॅक्सलवर घट्ट धरणाऱ्या खिळीची. नट पिनच्या टोकाशी येईल इतकाच सैल करा, क्रँकखाली लोखंडी पाइपचा टेकू द्या आणि एकच सणसणीत घाव घाला. टेकू नसेल तर घावाचा मार छर्ऱ्यांवर जातो आणि त्यांची वाटी, म्हणजे कप, खराब होतो. दोन्ही पिना एकमेकींच्या उलट दिशेनं बसतात. चुकलात तर पायडलं एका रेषेत येत नाहीत. वीसेक किलोमीटर चालवून नट पुन्हा आवळा.

चेनच्या २४ कड्या १२ इंच भरल्या पाहिजेत. १/८ इंच जास्त भरली तर चेन आणि फ्रीव्हील (मागचं दातेरी चाक) दोन्ही बदला, आणि तेव्हाच १८ ऐवजी २२ दात्यांचं घाला. वेग घटेल, पण चढाला उतरावं लागणार नाही.

कॅरिअरचे आधार थेट मागच्या अॅक्सलवर यायला हवेत. उद्यमनगरात वेल्डिंगवाल्याकडून पट्ट्या मारून घ्या. पावसात लोखंडी रिमवर ब्रेक उशिरा धरतो, म्हणून भरल्या गाडीला लांबूनच दाबा. दोन्ही बाजूंना कॅन लावून रतीब घालत असाल तर एक संपवून दुसरा उघडू नका. दोन्हींतून आळीपाळीनं दूध काढा, नाहीतर गाडी एका अंगाला ओढते.