दोघांनी चालवायच्या शर्यतीच्या यॉटची रचना कशी सुधारावी

खोल समुद्रातील शर्यतीसाठी एकट्याने किंवा दोघांनी चालवायच्या यॉटमध्ये सुधारणा करायची असेल, तर प्रत्येक बदल एकाच कसोटीवर घासून पाहावा: रात्री तीन वाजता, एक जण झोपलेला आणि सुकाणू ऑटोपायलटच्या ताब्यात असताना, बोट आपल्या क्षमतेचा किती हिस्सा टिकवून धरते. २०१३ च्या फास्टनेट या ब्रिटनमधून निघणाऱ्या खोल समुद्रातील शर्यतीत पास्कल आणि अलेक्सी लोइझों या पितापुत्रांनी ‘जेपीके १०.१०’ या सुमारे १० मीटर लांबीच्या बोटीवर हँडिकॅपनुसार (बोटीच्या क्षमतेप्रमाणे वेळेत दुरुस्ती करून) एकूण विजेतेपद मिळवले. पूर्ण नाविकसंख्येच्या बोटींचा ताफा मागे टाकून दोघांनी हे साधले, यावरून या कसोटीचे मोल लक्षात यावे. पुढील विवेचन साधारण ९ ते १२ मीटर लांबीच्या बोटी डोळ्यांसमोर ठेवून केले आहे.

कोणताही भाग कापण्यापूर्वी मोजमाप करावे. वारा स्थिर असताना वाऱ्याच्या एकाच कोनावर अर्धा तास हाताने आणि अर्धा तास ऑटोपायलटवर बोट चालवून दोन्ही वेग नोंदवावेत, आणि हे वाऱ्याच्या निदान तीन कोनांवर करावे. त्याचबरोबर रीफ घेणे (जोराच्या वाऱ्यात शिडाचा भाग आवळून ते लहान करणे), पुढचे शीड बदलणे आणि वळण घेणे ही कामे एकट्याला करायला किती वेळ लागतो, तेही लिहून ठेवावे. सर्वांत मोठी तफावत जिथे दिसेल, तिथे पैसा आधी खर्च करावा.

बहुतेक बोटींत ही तफावत सुकाणूपाशी सापडते. रुंद पार्श्वभागाची बोट वाऱ्याने कलली, की मधोमध बसवलेल्या एकुलत्या सुकाणूचा वरचा भाग पाण्याबाहेर येतो, त्याची पकड सुटते आणि ऑटोपायलट ते मोठ्या कोनात इकडून तिकडे फिरवू लागतो. त्यामुळे पाण्याचा अवरोध वाढतो, वीज अधिक लागते आणि जोराच्या झुळुकीत बोट वाऱ्याकडे तोंड फिरवून बसते. बाहेरच्या बाजूस तिरकी बसवलेली दोन सुकाणू हा यावरचा खात्रीचा उपाय आहे, कारण बोट कलल्यावर खालच्या बाजूचे सुकाणू जवळजवळ उभे राहते आणि पूर्ण पाण्यात असते. परंतु हा खर्च करण्यापूर्वी डोलकाठीचा मागचा झुकाव आणि शिडांचा तोल तपासावा. नेहमीच्या कलावर सुकाणूला तीन-चार अंशांपेक्षा जास्त कोन सतत द्यावा लागत असेल, तर दोष शिडांच्या मांडणीत असण्याची शक्यता मोठी आहे. सुकाणूचे बेअरिंगही पाहावे: ऑटोपायलटचा दंड (सुकाणू ढकलणारी दांडी) सोडवल्यावर सुकाणू एका बोटाने फिरले पाहिजे.

ऑटोपायलटचा दंड सुकाणूच्या दांड्यावर बसवलेल्या स्वतंत्र आडव्या भुजेने, डेकखाली आणि बोटीच्या सांगाड्यालाच जोडावा. दुसरा संच केवळ सुटे भाग म्हणून बाळगू नये, तर तो स्वतःच्या संगणकासह, होकायंत्रासह आणि दंडासह बसवलेला असावा, म्हणजे पहिला बंद पडल्यावर एक कळ दाबून काम भागते. ऑटोपायलट सरासरी ५ अँपिअर घेत असेल, तर २४ तासांत एकट्या त्याचेच १२० अँपिअर-तास होतात. सौर पट्ट्या, हायड्रोजनरेटर (बोट चालताना पाण्यात फिरून वीज देणारे यंत्र) आणि बॅटरी यांची निवड या आकड्यावरून करावी, आणि म्हणूनच सुकाणू हलके करणे हा वीज वाचवण्याचा सर्वांत स्वस्त मार्ग ठरतो.

दुसरा मोठा प्रश्न स्थैर्याचा आहे. सात जणांऐवजी दोघे निघाले, की तोल सावरायला वाऱ्याच्या बाजूच्या कठड्यावर बसणारे पाच जण, म्हणजे सुमारे ४०० किलो वजन, नाहीसे होते. ते मध्यरेषेपासून १.६ मीटरवर होते असे धरले, तर ६४० किलो-मीटर इतका बोटीला सरळ करणारा आघूर्ण (वजन गुणिले अंतर) आपण गमावला. मध्यरेषेपासून १.३ मीटरवर केंद्र असलेल्या पाण्याच्या टाकीने तो पूर्ण भरून काढायचा, तर जवळजवळ ४९० लिटर पाणी लागेल. एवढे पाणी सहसा घेऊ नये, कारण बोट मुळातच ४०० किलोने हलकी झालेली असल्याने तिला पूर्ण भरपाईची गरज नसते, शिवाय टाक्यांमुळे हँडिकॅपही चढतो. प्रत्येक बाजूला २०० ते ३०० लिटर ही या आकाराला मानवणारी मर्यादा आहे, १२.१८ मीटर लांबीच्या ‘क्लास ४०’ या शर्यतीच्या वर्गातील बोटींना नियमाने प्रत्येक बाजूस ७५० लिटर मिळतात, पण त्यांची रुंदी ४.५० मीटरपर्यंत असते. वळण्याआधी पाणी गुरुत्वाकर्षणाने खालच्या टाकीत मिनिटभरात उतरले पाहिजे, त्यासाठी ७५ मिलिमीटर किंवा त्याहून मोठ्या व्यासाचा पाइप आणि मोठे हवाछिद्र ठेवावे. अरुंद पाइप बसवला, तर थकलेला नाविक पाणी हलवण्याचा कंटाळा करतो आणि टाकी निरुपयोगी होते. टाकीत आडव्या पडद्या असाव्यात, नाहीतर अर्धवट भरलेले पाणी हेलकावे खाते.

शिडांच्या बाबतीत संख्या कमी आणि प्रत्येक शीड चालेल असा वाऱ्याचा पल्ला मोठा, हे धोरण ठेवावे. गुंडाळता येणारी पुढची शिडे, मुख्य शिडाला तीन रीफ आणि प्रत्येक रीफ कॉकपिटमधूनच घेता येईल अशी दोरी, एवढे पुरते. डोलकाठीच्या टोकाचे वजन निर्दयपणे कमी करावे: गुरुत्वमध्यापासून १५ मीटर उंचीवरचा १ किलो तोलण्यासाठी २.५ मीटर खालच्या कीलच्या (तळाखालच्या जड पात्याच्या) गोळ्यात ६ किलो शिसे लागते.

कॉकपिटमधील सर्व दोऱ्या जिन्याच्या तोंडाशी, आडोशाखाली आणाव्यात आणि शिडे दिसतील अशी बसण्याची जागा ठेवावी. झोपण्याच्या जागा दोन्ही बाजूंना, शक्यतो मागे आणि ऑटोपायलटची कळ हाताला लागेल अशा असाव्यात.

कवचाचा, म्हणजे बोटीच्या मुख्य धडाचा, आकार बदलणे नवी बोट बांधतानाच परवडते. तिथे मात्र फुगीर, बोथट नाळेचा (पुढच्या टोकाचा) विचार अवश्य करावा. ६.५० मीटर लांब आणि ३ मीटर रुंद मिनी या छोट्या बोटींच्या वर्गात डेव्हिड रेझों यांनी २०११ ची मिनी ट्रान्साट ही एकट्याने अटलांटिक ओलांडण्याची शर्यत अशाच स्वतः आखलेल्या बोटीवर जिंकली. कलल्यावरही पुढच्या भागाला भरपूर उचल मिळत असल्याने ती लाटेत नाक खुपसत नाही, आणि ऑटोपायलटलाही हेच हवे असते. शांत वाऱ्यात आणि समोरच्या आखूड लाटांत हा आकार मागे पडतो, म्हणून शर्यतीचा मार्ग पाहून निर्णय घ्यावा.

रुंद, सपाट डेकची बोट उलटी झाल्यावरही स्थिर राहू शकते. १९९६-९७ च्या वांदे ग्लोब या एकट्याने जगप्रदक्षिणा करण्याच्या शर्यतीतील अपघातांनी हा धोका उघड केला आणि त्यानंतर स्थैर्याचे नियम कडक झाले. म्हणून डेकवर केबिनचा उंच, कमानदार भाग ठेवावा, पुढे जलरोधक कप्पा करावा आणि बोट उलटी असताना बाहेर पडता येईल असे दार पार्श्वभागात द्यावे. यात वजन वाचवू नये.

प्रत्येक बदलानंतर सुरुवातीचे मोजमाप त्याच पद्धतीने पुन्हा करावे, आणि मार्ग आखणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये रचनाकाराचे आकडे न घालता ऑटोपायलटवर प्रत्यक्ष मिळालेले वेग भरावेत.